फाट्यावरचा खांब

सांगते, पण एका अटीवर. चहा तोंडात असताना हसायचं नाही. मागे बँकेत हा किस्सा सांगितला, तेव्हा आमच्या कॅशियरबाईंचा चहा पासबुक छापायच्या मशीनवर उडाला आणि आठवडाभर लोक मला बोल लावत होते. वेंधळी म्हणायचं असेल तर म्हणा, पण सगळं ऐकून झाल्यावर.

तर मी सांगलीची. बँकेत नोकरी. वय सांगत नाही, मुलगी इंजिनिअरिंगला आहे एवढ्यावरून काय ते ओळखा. नवऱ्यानं हौसेनं बुलेट घेतली, दोनदा पाडली आणि कव्हर घालून ठेवून दिली. त्या कव्हरवर दिवसभर शेजाऱ्यांचं मांजर झोपायचं. मला काही ते बघवेना. एका रविवारी मांजराला उठवलं, किल्ली लावली आणि झालं! तेव्हापासून मला हे खूळ लागलंय. सुट्टी दिसली की हेल्मेट चढवायचं आणि घाट धरायचा.

असल्या खुळ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. थोडे सांगलीचे, थोडे साताऱ्याचे. म्होरके आमचे सुभेदार काका. सैन्यातून निवृत्त, राहणार सातारा, मिशी अशी की हेल्मेट मिशीला विचारून घालावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी असतात बापू, सांगलीच्या मार्केटातले गुळाचे व्यापारी. त्यांच्या गाडीला मागे नारंगी झेंडा. बापू येऊन गेले म्हणजे मागे कुणी उरलं नाही, असा हिशोब.

मधल्या लोकांचं काय? त्यासाठी सुभेदारांची एक पद्धत आहे. फाटा आला, की त्यांच्या पाठोपाठ जो असेल त्याला तिथं उतरवायचं. त्यानं चकचकीत पिवळं जाकीट घालून, ज्या दिशेला जायचं तिकडं हात करून उभं राहायचं. मागून येणारे त्याचा हात बघून वळतात. बापूंचा झेंडा दिसला की मग त्यानंही निघायचं. आमच्यात त्या माणसाला 'खांब' म्हणतात.

"खांब हलला तर मांडव पडतो," सुभेदार दर वेळी बजावायचे. "मॅडम, फौजेत याला पोस्ट म्हनत्यात. पोस्ट सोडली की मानूस संपला. तहान लागू दे, भूक लागू दे, सासरा भेटू दे, जागा सोडायची न्हाई!"

त्या फेब्रुवारीत मला हे सगळं अगदी तोंडपाठ होतं. कारण नेपाळ!

उन्हाळ्यात ग्रुप नेपाळला जायचा होता. परदेश! गाड्या घेऊन! पण जागा मोजक्या आणि हौशे भरपूर. सुभेदारांनी जाहीर केलं होतं, की पाटणच्या बाजूला एक दिवसाची फेरी काढू, त्यात प्रत्येकाची शिस्त बघू आणि मग नावं ठरवू. आता शहाण्या बाईनं नाव ठरेपर्यंत गप्प बसावं की नाही? मी बँकेत रजेचा अर्ज देऊन मोकळी. गल्लीतल्या बायकांनी माझी ओटी भरली. सासूबाईंनी पशुपतिनाथाच्या रुद्राक्षाची मागणी नोंदवली, तीही स्वतःपुरती नाही, भजनी मंडळातल्या सगळ्यांसाठी. आता नेपाळला गेले नाही तर मला सांगलीत तोंड दाखवायला जागा नव्हती. आलं लक्षात? माझं सगळं त्या एका फेरीवर अवलंबून होतं.

रविवारी सकाळी कराडला सगळे जमलो. मी मुद्दाम सुभेदारांच्या मागे गाडी घातली. पुढे राहिलं म्हणजे शिस्त नजरेत भरते, हा माझा हिशोब. हायवे सोडला, उसाच्या फडांमधून रस्ता निघाला. मागे कुणाच्या तरी गाडीची हवा गेली आणि बाकीचे तिथं थांबले. सुभेदार आणि मी पुढे. आणि फाटा आला.

डावीकडचा रस्ता उसातून एका गावात जात होता. उजवीकडचा घाट चढून वर पठारावर. पठारावर ओळीनं पवनचक्क्या, पलीकडं कोयनेचं खोरं, आणि तिथंच एका धनगराच्या घरी पिठलं-भाकरीची व्यवस्था सुभेदारांनी करून ठेवलेली.

"मॅडम, तुमी खांब," सुभेदार म्हणाले. "सगळ्यांना वर लावून द्या. मी पुढं जाऊन भाकरी टाकायला सांगतो."

मी जाकीट चढवलं. काळ्या काचेचं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवलं, कारण हेल्मेट घातलं की मी कुणीतरी वाटते असं माझं मत आहे. उजवा हात घाटाकडं ताठ केला. सुभेदार वळणाआड गेले आणि मी उभी राहिले. अशी उभी राहिले, की एक कावळा दोनदा येऊन डोक्यावर बसू का म्हणून बघून गेला.

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. ऊन चढलं. जाकीट तापलं. आणि फाट्याच्या पलीकडं, चिंचेखाली, एक रसवंती होती.

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? चरकाला घुंगरं बांधलेली, ती सारखी वाजतायत. छुम छुम, छुम छुम. आल्याचा वास येतोय. रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हटलं, इथून तिथं तर जायचंय. आपली मंडळी आली तर गाड्यांचा आवाज येईलच की. एक ग्लास घ्यायचा आणि परत.

गेले! पोस्ट सोडली!

एक ग्लास मोठा होता. दुसराही मोठाच होता. चरकाच्या इंजिनाची फटफट, घुंगरांची छुमछुम आणि डोक्यावर हेल्मेट. त्यात जगबुडी झाली असती तरी मला ऐकू आलं नसतं. तोंड पुसून परत आले तर रस्ता जसाच्या तसा रिकामा. म्हटलं, बघा, काही बिघडलं का? पुन्हा हात ताठ केला.

आणि मग गाड्यांची रांग लागली.

पहिली एक जीप आली. माझा हात बघून वेग कमी केला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"इकडंच ना?"

"इकडंच! बिनधास्त जा!"

मागून एका आजीबाईंनी विचारलं, "लय लांब हाय का रं बाबा अजून?"

हेल्मेटमुळं मी बाबा झाले होते. मीही आवाज जरा जाड केला. "नाही ओ आजी. एवढा घाट चढला की आलंच."

"जेवायची सोय हाय नव्हं?"

"म्हणजे काय! वर सगळी सोय आहे."

जीप वळली आणि घाटाला लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रविवारी पठार बघायला माणसं जातातच. आपण ग्रुपसाठी उभ्या आहोत, पण चार वाटसरूंचीही सोय होतेय, यात वाईट काय? दुसरी जीप आली, तिनं तर विचारलंही नाही. माझा हात बघितला आणि वळली. तिसरी तशीच. आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. घरी मी पंखा बंद करा म्हणते, तर तोही कुणी करत नाही.

मग ट्रॅव्हलर आली. आत सगळ्या बायका. काठापदराच्या साड्या, नथी, गजरे. आता एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्याही पडला, पण भलतीकडं. म्हटलं, भिशीचं मंडळ असणार. हल्ली भिशीवाल्या सगळ्या मिळून सारख्या साड्या नेसतात आणि पठारावर जाऊन रील काढतात. मी त्यांना खास वाकून हात दाखवला.

मग बँडवाल्यांची गाडी आली. हो, बँडवाल्यांची! मोठा ढोल, लाल डगले, सगळं. म्हटलं, वर कुणीतरी हॉटेल काढलेलं दिसतंय, उद्घाटन असेल.

आणि सगळ्यात शेवटी फुलांनी सजवलेली गाडी आली. आत फेटा बांधलेला, मुंडावळ्या लावलेला, हातात कट्यार घेतलेला मुलगा बसलेला.

माझ्याकडं असं बघू नका. मला माहीत आहे. मुंडावळ्या बघून लहान पोरालाही कळलं असतं. पण मी म्हटलं, फोटोशूट! आजकाल लग्नाच्या आधी जोडपी पवनचक्कीखाली फोटो काढायला येतातच की नाही? मी काचेवर टकटक केली.

"ऑल द बेस्ट! वारा फार आहे वर, फेटा सांभाळा! फोटो छान येतील!"

त्या बिचाऱ्यानं मला हात जोडले.

सगळी रांग घाटात दिसेनाशी झाली आणि माझा फोन वाजला. बापू!

"मॅडम, कुठाय तुमी? या की लवकर! सुभेदारांनी काय सोय केलीया म्हनून सांगू! दारात गुलाबपानी शिंपडलं. सगळ्यांना फेटं बांधलं. आता सरबत चाललंय."

मला काही उमगेना. "पोचलात? अहो, कुठून गेलात तुम्ही? मी फाट्यावर उभी आहे!"

"तुमच्याच फाट्यावरनं आलो की. खांबानं हात दाखवला, तसं डावीकडं वळलो."

"बापू, खांब मी आहे!"

"आता गं बया! मग ते गुलाबी फेट्याचं पावनं कोन? मला तर कडकडून मिठी मारली त्यांनी. लय माया हाय मानसाला. म्हनले, तुमचीच वाट बघत हुतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात डावीकडच्या रस्त्यानं एक मोटरसायकल धूळ उडवत आली. चालवणाऱ्याच्या डोक्याला गुलाबी फेटा. माझ्यासमोर करकचून ब्रेक लावला.

"ओ दादा, हितनं नवरदेवाची गाडी जाताना दिसली का? फुलांची? मित्रमंडळी बुलेटवरनं कवाच आली, आनि नवराच न्हाई!"

माझ्या घशातला रस घशातच आंबला.

"फुलांची? दिसली. वर गेली."

"वर?" गृहस्थांनी घाटाकडं बघितलं. "आवं, वर काय हाय? वर पवनचक्क्या हायत! लगीन खाली हाय, गावात! कुनी पाठवलं त्यास्नी वर?"

माझा उजवा हात अजून ताठच होता. तो मी हळूच खाली घेतला.

मग एकेक उलगडलं. हे गृहस्थ नवरीचे काका. असतात सुरतेला, आदल्याच दिवशी गावी आलेले, त्यामुळं मुलाकडच्या कुणालाच ओळखत नव्हते. आपल्याकडं कार्य असलं की फाट्यावर एक माणूस उभा करतात की नाही, पाहुण्यांना रस्ता दाखवायला? मोबाईलच्या नकाशापेक्षा आपला त्या माणसावर विश्वास जास्त. मुलाकडच्यांना तेच सांगितलं होतं, फाट्यावर आमचा माणूस असेल, तो हात दाखवेल तिकडं वळा. तो माणूस म्हणजे हे काका. मी रसवंतीवर दुसरा ग्लास तोंडाला लावला असेल, तेव्हा काका येऊन उभे राहिले. नेमके आमचे बुलेटवाले आले. यांना वाटलं नवरदेवाचे मित्र, त्यांना वाटलं सुभेदारांचा खांब. काकांनी डावीकडं हात केला आणि वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं म्हणत त्यांच्याबरोबरच गावात गेले. आणि मग खरं वऱ्हाड आलं, तेव्हा फाट्यावर कोण? मी!

"तुमी कोन पन?" काकांनी विचारलं.

"मी खांब."

"काय?"

मी हेल्मेट काढलं. काका बघतच राहिले. "बाई हाय व्हय!" मग त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "ताई, साडेबाराचा मुहूर्त हाय वो. पोरगी नटून बसलीया. वर फोन लागत न्हाई. मी भावाला काय सांगू? तुमी घालवलंय, आता तुमीच आना."

खरं सांगते, तिथवर मला नेपाळची काळजी होती. त्या वाक्याबरोबर नेपाळ डोक्यातून गेलं. मेंदी लावलेल्या हातांनी बसलेली ती मुलगी डोळ्यापुढं आली आणि मलाच रडू फुटलं. कुणाच्या तरी लेकीचं लग्न मी उसाच्या रसापायी डोंगरावर पाठवलं होतं!

घाट कसा चढले आठवत नाही. एरवी मी प्रत्येक वळणावर थांबून फोटो काढणारी. त्या दिवशी दरी कुठल्या बाजूला होती तेही सांगता येणार नाही.

वर पोचले तर काय दृश्य! पवनचक्क्या गरगरतायत. वाऱ्यानं बायकांचे पदर उडतायत, पुरुषांनी फेटे दोन्ही हातांनी दाबून धरलेत. काही पोरी तेवढ्यात सेल्फी काढून घेतायत. सुभेदार वाट बघत होते बुलेटवाल्यांची, आणि समोर आलं वऱ्हाड. पण फौजी माणूस! काय चाललंय हे कळलं नाही तरी त्यांनी सगळ्या गाड्या एका रेषेत लावून घेतल्या होत्या. धनगराची बायको चुलीपुढून त्या गर्दीकडं बघत होती आणि भाकरीच्या पिठाचा अंदाज घेत होती.

गर्दीच्या मधोमध नवरदेवाचे मामा. लाल चेहरा, आवाज बँडच्या वर.

"ही काय रीत झाली व्हय? मांडव न्हाई, मानूस न्हाई, नुसतं पंखं फिरत्यात! मुलीकडच्यांनी आमची थट्टा मांडलीया. डोंगरावर आनून सोडलं आमाला! फिरवा रं गाड्या. सांगलीला चला. न्हाई करायचं असलं लगीन!"

मुलाचे वडील दगडावर डोकं धरून बसलेले. नवरदेव हात उंच करून फोनला रेंज येते का बघत फिरत होता. दोन जीपवाल्यांनी गाड्या सुरूही केल्या.

आता मला एक सोपा मार्ग होता. काळं हेल्मेट पुन्हा घालायचं, खाली मांडव आहे एवढं सांगायचं आणि पसार व्हायचं. चूक मुलीकडच्यांच्या नावावर गेली असती. सुभेदारांनाही कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर ते मनात आलंही. पण त्या काकांचे डोळे आठवले. मी गाडीवरून उतरले, गर्दीत शिरले आणि ओरडले.

"मुलीकडच्यांची काही चूक नाही! त्यांचा माणूस नव्हताच तो. तुम्हाला वर मी पाठवलं! मी आमच्या लोकांना रस्ता दाखवत होते. लग्न खाली गावात आहे, सगळे वाट बघतायत. चूक माझी आहे, मला काय बोलायचं ते बोला, पण आधी खाली चला!"

डोक्यावर पात्यांचा आवाज, घूं घूं. मामा सावकाश माझ्यापुढं आले. आता काही खरं नाही असं मला वाटलं. त्यांनी डोळे बारीक केले, मला खालून वर न्याहाळलं.

"तुमी... तुमी बँकेतल्या मॅडम न्हवं?"

मी मान डोलावली.

"व्हय, त्याच की! मला तीन नंबरच्या खिडकीवरनं पाच नंबरला पाठवता, पाच नंबरवरनं सायबाकडं, सायबाकडनं पुन्हा तीन नंबरला! ती काय ती केवायसी का काय, चार महिनं झालं हिंडतोय! आवं, बँकेत हिंडवलं ते हिंडवलं, लग्नात बी सोडलं न्हाई व्हय तुमी?"

आधी नवरदेव हसला. मग ट्रॅव्हलरमधल्या बायका. मग मुलाचे वडील दगडावरून उठले, हसत हसत डोळे पुसले आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. शेवटी मामांनाही हसू आवरेना. मी तिथल्या तिथं शपथ घेतली, की सोमवारी त्यांना खुर्चीवर बसवून स्वतः काम करून देईन. रागाची हवा गेली बघा!

पण मुहूर्त? घाटाचा रस्ता चिंचोळा. ट्रॅव्हलर आणि बँडची गाडी वळवायला वेळ लागणार, त्यात खालून उसाचा ट्रॅक्टर घाटाला लागलेला दिसत होता. नवरदेवानं माझ्या बुलेटकडं बघितलं.

"मामा, मी मॅडमच्या मागं बसून पुढं जातो."

"ह्यांच्या मागं?" मामा ओरडले. "आता कुठं नेतील? महाबळेश्वरला?"

सुभेदार पहिल्यांदाच बोलले. "मी पुढं राहतो. मॅडमनी फकस्त माझ्या मागं यायचं. इकडंतिकडं बघायचं न्हाई."

तर अशी आमची वरात निघाली. पुढं सुभेदार, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं नवरदेव. मुंडावळ्यांची टोकं वाऱ्यानं माझ्या हेल्मेटवर आपटतायत, कट्यारीची मूठ बरगडीत टोचतेय. मी ग्रुपमधल्या कुणालाही कधी मागे बसवलं नव्हतं, आणि पहिला बसवला तो हा! ट्रॅक्टरच्या बाजूनं जेमतेम गाडी जाईल एवढी जागा होती. ट्रॅक्टरवाल्यानं नवरदेव बघितला आणि त्यानंच दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याचं स्टेअरिंग कोण धरत होतं देव जाणे.

"मॅडम," मागून आवाज आला, "जरा सावकाश. पन थांबू नका. ती रडत आसंल."

मी मान न वळवता ओरडले. "पाचच मिनिटं, भाऊ. आणतेच तुला."

फाटा आला. आता जाताना उजवीकडं वळून वर गेलेलो, म्हणजे परत येताना गाव कुठल्या हाताला? मी सवयीनं गाडी जरा हळू केली, तर पाठीवर थाप पडली.

"मॅडम, सुभेदारांच्या मागं! विचार करू नका!"

मांडवात पोचलो, तेव्हा भटजी हातातल्या घड्याळाकडं बघत होते. आमचे सगळे बुलेटवाले पहिल्या रांगेत, डोक्याला फेटे, कपाळाला नाम, हातात सरबत. मला नवरदेवासकट येताना बघून त्यांना वाटलं, हाही सुभेदारांचाच कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या! खिडकीतून नवरीनं बघितलं. ती रडत नव्हती. ती खदाखदा हसत होती. नवरदेव उतरला, फेटा सरळ केला आणि पळतच बोहल्यावर गेला. मुहूर्त टळला नाही. अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या मी टाकल्या असतील. वऱ्हाड मंगलाष्टकांच्या मध्ये पोचलं, आणि मामा तर चालत्या जीपमधूनच अक्षता टाकत आले.

गुलाबी फेटेवाले काका बापूंसमोर येऊन उभे राहिले. "म्हंजे तुमी नवरदेवाचं चुलतं न्हवं?"

"न्हाई वो. आमी गुळाचं व्यापारी."

"आनि मी तुमास्नी मिठी मारली!"

"मारली की," बापू म्हणाले. "आमी काय तक्रार केली का?"

मग काय, दोघं पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडले. जेवणाला कुणी आम्हाला सोडलं नाही. वरचं पिठलं आणि भाकऱ्याही सुभेदारांनी मागवून घेतल्या आणि मामांनी लग्नाच्या पंगतीत पिठलंच मागून खाल्लं.

पण मी काही खाऊ शकले नाही. सुभेदार माझ्यासमोर बसून जेवत होते आणि प्रत्येक घासाला माझ्याकडं बघत होते. हात धुऊन झाल्यावर मिशी पुसत माझ्याकडं आले.

"मॅडम, पोस्ट सोडली हुती?"

"सोडली."

"कशापायी?"

"रस."

"आलं घातलेला?"

"हो."

त्यांनी मोठा श्वास घेतला. मी मनातल्या मनात भजनी मंडळाला रुद्राक्ष कुठून आणून देऊ याचा विचार सुरू केला.

"मानसं चुकवायला कोन बी चुकवतंय," ते म्हणाले. "पन गाडीभर वऱ्हाड समोर उभं असताना, मी चुकवलं म्हनून सांगायला काळीज लागतंय. नेपाळला येनार तुमी."

मी तिथं मांडवातच त्यांच्या पाया पडले. नवरा-नवरीच्या आधी!

आणि गेलो की नेपाळला! डोंगर असे, की आपला सह्याद्री मनातल्या मनात माफी मागेल. पोखरा सोडून वर निघालं की पुढं काली गंडकीच्या कोरड्या पात्रातून जावं लागतं. पाटी नाही, खूण नाही, दगडगोट्यांत चाकोऱ्या फुटलेल्या, दहा इकडं आणि दहा तिकडं. असा फाटा आला की सुभेदार सगळा ग्रुप थांबवायचे आणि मला खास पुढं बोलवायचे.

"मॅडम, तुमाला रस्ता कुठला वाटतो?"

काय सांगू, मला किती अभिमान वाटायचा! एवढे जुने जाणते लोक, पण शब्द माझा. मी गाडीवरून उतरायचे, नदी बघायचे, सूर्य बघायचे, चाकोऱ्या तपासायचे, पुरता विचार करायचे आणि हात ताठ करून दिशा दाखवायचे.

"पक्कं?"

"पक्कं!"

"शाब्बास!" सुभेदार कडक सॅल्यूट ठोकायचे, मागं वळायचे आणि ओरडायचे, "मंडळी, मॅडमनी उजवं सांगितलंय. चला, डावीकडं!"

आणि अख्ख्या नेपाळमध्ये आमचा ग्रुप एकदाही रस्ता चुकला नाही.